खराब शांतता

आत्याला व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस दांडगी. भाचीने तिच्या हातात बटणांचं ते खेळणं दिलं, "डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं" एवढंच सांगितलं, आणि पहिला बराच वेळ पडद्यावर भिंतीला नाक घासण्यात गेला. पण एकदा पहिल्या घराचं दार उघडलं मात्र, बाईसाहेब थेट स्वयंपाकघरात.

"अगंबाई, दूध उतू चाललंय की!"

"चाललं नाहीये आत्या. थांबलंय."

खरंच थांबलं होतं. पातेल्याच्या काठावर दुधाचा फुगा आलेला, एक ओघळ बाहेरून अर्ध्यावर लटकलेला, खाली गॅसची निळी ज्योत जागच्या जागी. ओट्यापासून दोन हातांवर घरातली बाई फडकं घेऊन धावत येत होती, एक पाय हवेत, तोंड उघडं. आत्याने तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. मग फळीवरच्या डब्यांची झाकणं उघडतात का ते पाहिलं. उघडत होती. मग काय विचारता!

"पोचली का ती वेळेवर?"

"माहीत नाही. वेळच थांबलीये ना."

"असं कसं माहीत नाही? तूच केलंयस ना हे सगळं?"

भाची हसली. तिचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती चिंगी. तिशी उलटली, कपाळावर एक पांढरी बट आली, तरी चिंगी ती चिंगीच. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती, एक चित्रकार आणि एक प्रोग्रामर असे तिघे मिळून कित्येक वर्षं हा एकच गेम करत बसले होते. एका गावात भर दुपारी वेळ थांबते. माणसं, पाखरं, धूर, सगळं जिथल्या तिथे. खेळणारा तेवढा हलू शकतो. त्याने घराघरात शिरायचं, वस्तू उचकायच्या, आणि कोण काय करायला निघालं होतं, कोण काय बोलणार होतं ते शोधून काढायचं. मारामारी नाही, पळापळी नाही.

"म्हणजे नसत्या चौकशा," आत्या म्हणाली. "मला जमेल."

आणि जमलंच की. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिंकायच्या बेतात, नाक फेंदारलेलं, आणि वस्तरा नेमका कानाशी. "हा शिंकला तर कान गेला!" म्हणून आत्या खुर्चीतून अर्धी उठली. बाकावर दोन म्हाताऱ्या. एक दुसरीच्या कानात काही सांगतेय, ऐकणारीच्या भुवया पार कपाळावर. "काय सांगतेय गं ती? सांग ना, मी कुणाजवळ बोलणार नाही." चिंगीने सांगितलं नाही, म्हणून आत्याने त्या म्हातारीच्या पिशवीत हात घातला.

आता एवढा रस कुणालाही वाटावा की नाही? पण घोडं पेंड खात होतं ते पुढेच. चाचणीला बोलावलेली माणसं थोडा वेळ खेळायची आणि उठून जायची. विचारलं की सगळ्यांचं एकच म्हणणं: छान आहे हो, पण इथे सगळे मेलेत. "मेलेले नाहीत, थांबलेत!" चिंगी तळमळून सांगायची. पण गेम बाजारात गेल्यावर खेळणाऱ्याच्या शेजारी बसून ती थोडीच सांगत बसणार? गेमला पैसे पुरवणाऱ्या प्रकाशक बाईंनी महिनाअखेरीला शेवटची चाचणी ठेवली होती. त्यातही माणसं उठून गेली, तर गेम बंद आणि खोल्यांना कुलूप.

चित्रकाराने गावातल्या माणसांच्या गालांवर लाली चढवून पाहिली. काही फरक नाही. चिंगीच्या मते खोट होती आवाजात. जिथे काही हलतच नाही तिथे आवाज कशाचा देणार? काहीच दिलं नाही तर लोक स्पीकर बिघडला म्हणून वायरी चाचपायचे. संगीत घातलं तर मयताला आल्यासारखे बसायचे. शेवटी चिंगीने हात टेकले आणि आत्याला फोन केला. आत्याचा उभा जन्म आवाज टिपण्यात गेलेला, आधी रेडिओसाठी, मग माहितीपटांसाठी. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण कान अजून असे तिखट, की शेजारच्या घरी नळ नीट बंद केला नाही तर हिची झोप मोडायची.

"थांबलेल्या गावाचा आवाज हवाय तुला," आत्या म्हणाली. "बरं. मला अजून थोडं फिरू दे आधी."

फिरता फिरता ती चौकात आली आणि तिचे दोन्ही अंगठे थांबले. चौकाच्या मध्ये एक माणूस उभा होता. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला दिव्याची काच पुसायचं फडकं. सगळा भार डाव्या पायावर. मान किंचित तिरकी. ओठ नुकते विलग झालेले.

"हा काय बोलायला निघालाय?" आत्याने विचारलं.

"त्याचंच अडलंय. वेळ पुन्हा कशाने सुरू होते, ते त्याच्यापाशी ठरायचंय. बटण ठेवून पाहिलं, घड्याळ ठेवून पाहिलं. सगळं खोटं वाटतं."

आत्या पडद्याकडे वाकली. तो भार डाव्या पायावर टाकून उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं. तिचा धाकटा भाऊ, चिंगीचा बाप, अस्साच उभा राहायचा. माइकची लांब काठी डोक्यावर धरून, फक्त टोकाला फडक्याऐवजी माइक. तो तिचा मदतनीस होता आणि घरात त्याला मौनीबुवा म्हणत, कारण दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. चिंगी चार वर्षांची असताना तो गेला, सकाळी बूट घालता घालता. घरात त्याचा काठी धरून उभा असलेला एकच फोटो होता, आणि हा चौकातला माणूस त्यातूनच उतरला होता.

फोटो होता, आवाज नव्हता. "आत्या, बाबांचा आवाज कसा होता गं?" हे चिंगी लहानपणापासून विचारत आली होती, आणि आवाजांत जन्म घालवलेल्या या बाईला त्याचं धड उत्तर देता यायचं नाही. "जाड नाही, बारीक नाही, चांगला होता," एवढंच. आवाज काय तोंडाने सांगता येतो? हजारो माणसांचे आवाज तिने टिपले, पण भाऊ कायम माइकच्या मागे. त्याचं एक अक्षर टेपवर नाही, याची तिला खात्री होती. त्याचं तिला वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की ती चिडायची, म्हणून चिंगीने हल्ली विचारणं सोडलं होतं.

आत्या दुसऱ्या दिवशी आपलं यंत्र आणि माइक घेऊन हजर झाली. तिच्या कामात एक रीत होती. कुठेही मुलाखत टिपली, की निघण्याआधी त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपायची. मुलाखत कापताना मध्ये भोकं पडतात, त्यांना ठिगळ लावायला शांतता लागते, आणि ती त्याच खोलीची लागते. दुसरीकडची लावली की ठिगळ उठून दिसतं. शिंपी नाही का, त्याच ठाणातला तुकडा जपून ठेवत? तर त्या मिनिटात खोलीतल्या प्रत्येकाने होता तिथे, होता तसा थांबायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. आत्या "झालं!" म्हणेपर्यंत, मग समोर न्यायाधीश का असेना, हलायची कुणाची टाप नव्हती.

"गेममध्ये खोल्या आहेत ना? मग खोल्यांच्या शांतता घालू," आत्याने जाहीर केलं. "स्वयंपाकघराला स्वयंपाकघराची, दुकानाला दुकानाची."

चांगलं आठवडाभर ती रिकाम्या खोल्या टिपत हिंडली. शेजाऱ्यांची स्वयंपाकघरं, खालचं चष्म्याचं दुकान सुट्टीच्या दिवशी. शुद्ध शांतता हवी म्हणून घरच्यांना घराबाहेर काढलं. एका आजोबांना तर अंघोळीच्या टॉवेलवर जिन्यात उभं केलं. प्रोग्रामरने ते सगळे तुकडे गेममध्ये बसवले आणि तिघांनी खेळून पाहिलं.

"आधी नुसते मेले होते," चित्रकार म्हणाला. "आता भुतंही झालीत."

आत्याचा असा पापड मोडला म्हणता! तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला पळाला. पण खोटं कशाला बोला, तिलाही तेच वाटलं होतं. खोली ऐकू येत होती, पण खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर बाई धावत येतेय आणि कानाला रिकामं घर.

शेवटचा उपाय म्हणून तिने ऑफिसचीच मोठी खोली टिपायची ठरवली. सगळ्यांना जिन्यात पिटाळलं, दार लावलं, मिनिटभर टिपलं. मग हेडफोन घालून ऐकायला बसली आणि तिने कान टवकारले. पुन्हा ऐकलं. मग उठून दार उघडलं.

"खोलीत कुणीतरी आहे," ती म्हणाली.

"कोण असणार? आम्ही तर इथे आहोत," चिंगी म्हणाली, आणि मग तिने आजूबाजूला पाहिलं. "प्रोग्रामर कुठाय?"

प्रोग्रामर आपल्या टेबलाखाली होता. जेवणानंतर तिथे गादी टाकून डुलकी काढायची त्याची जुनी सवय. आत्या सगळ्यांना हाकलत असताना त्याला जाग आली, पण तेवढ्यात यंत्र सुरू झालेलं. बिचारा श्वास रोखून तसाच पडून राहिला होता.

"मी हललोसुद्धा नाही, आत्या! शपथेवर सांगतो!"

"तेच तर!" आत्याचे डोळे चमकले. "तू हलत नव्हतास, ते ऐकू आलं मला."

तिने चिंगीच्या कानावर हेडफोन चढवला. आधी रिकाम्या दुकानाची शांतता, मग ही. बोट ठेवून दाखवावा असा एकही आवाज त्यात नव्हता. फक्त कुठेतरी कापड ताणलेलं, घशाशी अडवलेला श्वास, खोली थोडी भरलेली. चिंगीने डोळे मिटले. 

"हा थांबलाय," ती हळूच म्हणाली. "मेलेला नाहीये."

"आभारी आहे," टेबलाखालून आवाज आला.

आता गाडी रुळावर आली. हवी होती ती रिकामी शांतता नव्हेच. माणसं मुद्दाम गप्प उभी आहेत, पुढच्या क्षणी हलायचंय म्हणून तटून उभी आहेत, ती शांतता. पण तशी आणायची कुठून? चित्रकार म्हणाला, बेकरीत जाऊ, शाळेत जाऊ, सगळ्यांना थांबायला सांगू. कोण थांबणार? चाचणी तर तोंडावर आलेली. आणि मग आत्याने स्वतःच्या कपाळावर अशी थाप मारली की चष्मा खाली आला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

तिच्या पलंगाखाली ट्रंक होती. ट्रंकेत टेप, आणि टेपवर जन्मभराच्या शांतता. बेकरीतली, कोर्टातली, बोटी बांधायच्या कारखान्यातली, मुलींच्या शाळेतली. प्रत्येकीत माणसं आत्याच्या धाकाने खांबासारखी उभी. कामं संपली, माहितीपट कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत, पण ठिगळाचे तुकडे हिने टाकले नव्हते. प्रोग्रामर आणि चित्रकाराने ट्रंक जिन्यावरून वर चढवली आणि दोघंही धापा टाकत तिच्यावरच बसले.

मग काय मजा सुरू झाली! आत्या टेप लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची. "ही बेकरी. भट्टी गरम आहे, ऐक. सहा-सात माणसं आहेत. एक जाडा आहे, नाकाने श्वास घेतोय. एकीच्या हातात बांगड्या आहेत, आणि त्या वाजू नयेत म्हणून तिने दुसऱ्या हाताने दाबून धरल्यात." चिंगी ऐकायची, पुन्हा ऐकायची आणि खरंच तिला त्या दाबलेल्या बांगड्या ऐकू यायच्या. कोर्टाच्या शांततेत कुणाला तरी खोकला आलेला आणि त्याने गिळलेला. शाळेच्या शांततेत तर सगळा वर्ग हसू दाबून फुटायच्या बेतात. हे तुकडे एकेका घरात बसवले आणि पडद्यावरची बाई खरीखुरी धावत यायला लागली, जागची न हलता. चित्रकाराने न्हाव्याच्या दुकानात पाऊल टाकलं आणि आपणच शिंक दाबल्यासारखं नाक धरलं. भुताचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

राहिला चौक, आणि शेवट.

ट्रंकेच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. वर आत्याच्या अक्षरात लिहिलेलं: खराब.

"यात काय आहे?" चिंगीने विचारलं.

"बिघडलेल्या शांतता. मध्येच कुणी शिंकलं, कुणाची खुर्ची करकरली. पुसून पुन्हा वापरायच्या म्हणून बाजूला काढल्या, तशाच राहिल्या. ठेव तो डबा, त्यात ऐकण्यासारखं काही नाही."

"तू ऐकल्यास?"

"खराब माल कोण ऐकतं गं? बिघडली की बाजूला, दुसरी घ्यायची. नियमच आहे तो."

पण चिंगीने डबा ठेवला नाही. झाकण उघडून ती मांडी घालून जमिनीवर बसली. "आत्या, मला तेच हवंय. चांगल्या शांतता पुष्कळ झाल्या. ती मोडते कशी ते ऐकायचंय मला. गावातली वेळ पुन्हा सुरू व्हायची तर कुणालातरी ती मोडावीच लागणार ना?"

मुद्दा बिनतोड होता. आत्या कुरकुरत टेप लावायला बसली. पहिलीत कुत्रं भुंकलं. दुसरीत काहीतरी धाडकन पडलं आणि कुणीतरी "मी नाही!" म्हणालं, त्यावर सगळे खूप हसले. तिसरी सुरू झाली.

"मोठी खोली," आत्या डोळे मिटून म्हणाली. "लाकडाची जमीन. पाच-सहा माणसं. हे कुठलं बरं… आठवत नाही बाई." टेप चालू होती. माणसं स्तब्ध. मग कुणाच्या तरी पोटात मोठ्याने गुरगुरलं. कुणीतरी नाकातून फिस्सकन हसू सोडलं आणि पुन्हा दाबलं. आणि मग, माइकच्या अगदी जवळून, एक पुरुषी आवाज आला.

"ताई, झालं का गं? हात भरून आले."

लगेच दुसरा आवाज, तरण्या आत्याचा, कडाडलेला: "झालं! झालं वाटोळं! एक मिनिट धीर निघत नाही तुला?" त्यावर खोलीभर हसू फुटलं आणि टेप खट्कन बंद झाली.

ऑफिसात कुणीच हललं नाही. इतकी वर्षं आत्या म्हणत आली होती, त्याचं एक अक्षर टेपवर नाही. आणि तो इथे होता, तिच्याच पलंगाखाली, तिने स्वतःच खराब म्हणून बाजूला काढलेला. तिला रडू कोसळलं. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

चिंगी रडली नाही. तिने टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा मागे नेली. कान असा पुढे केलेला की जणू तो आवाज यंत्रातून सांडेल आणि तिला वेचायचाय. चित्रकार आणि प्रोग्रामर पाय न वाजवता बाहेर निघून गेले.

"आत्या," ती शेवटी म्हणाली. "तू मला काय सांगायचीस? जाड नाही, बारीक नाही."

"हो मग?"

"अगं, नाकात बोलतायत ते! चक्क नाकात! माझे बाबा नाकात बोलायचे!" आणि हसता हसता तिला रडू फुटलं, की रडता रडता हसू, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "आणि तो 'गं' केवढा लांबवलाय बघ."

"सर्दीचा कोठा होता त्याचा," आत्या नाक पुसत म्हणाली. "मी विसरूनच गेले होते. बारा महिने सर्दी मेल्याला."

चौकातल्या माणसाला काय बोलायचंय ते असं ठरलं. चिंगीने जुने सगळे शेवट काढून टाकले. आता खेळणाऱ्याने चौकात यायचं, त्या माणसाजवळ उभं राहायचं, आणि काहीच करायचं नाही. हातातलं खेळणं मांडीवर ठेवून त्याच्यासोबत मिनिटभर गप्प थांबायचं. जो थांबेल त्याला ऐकू येईल: झालं का गं? हात भरून आले. आणि दूध उतू जाईल, गिऱ्हाईक शिंकेल, म्हातारीच्या तोंडून ती बातमी बाहेर पडेल. हाकेतली "ताई" मात्र कापली, कारण ती आत्याची होती.

चाचणीच्या दिवशी पाच अनोळखी माणसं पाच पडद्यांसमोर बसली. प्रकाशक बाई मागे खुर्ची टाकून बसल्या. आत्याही बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. नेहमीची उठायची वेळ झाली. कुणी उठलं नाही. एकजण तर त्या म्हातारीच्या पिशवीत इतका रमला की आत्याला त्याच्याबद्दल आपुलकीच वाटायला लागली. मेले हा शब्द कुणी काढला नाही.

सगळ्यात आधी चौकात पोचली ती एक बस चालवणारी बाई. ती त्या माणसाजवळ उभी राहिली, इकडेतिकडे चाचपलं, काही होईना. मग ती थकून मागे टेकली आणि नुसती बघत राहिली. मिनिट गेलं. माणूस बोलला.

"झालं रे बाबा, झालं!" बस चालवणारी बाई पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली. मग एकदम ओशाळून मागे वळली. "त्याला कुणी उत्तर का देत नाही? केव्हाचा उभा आहे बिचारा."

प्रकाशक बाईंनी चिंगीकडे पाहिलं. "गेम बाजारात आणायचा," त्या म्हणाल्या. "पण तेवढं उत्तर घाला."

उत्तर कुणी द्यायचं, याची चर्चा झालीच नाही. चित्रकाराला टेपवरचं "झालं वाटोळं" फार आवडलं होतं. पुन्हा सुरू झालेल्या जगातला पहिला शब्द वाटोळं असावा यात त्याला मोठा विनोद दिसत होता. आत्याने त्याला एका नजरेत गप्प केलं.

ऑफिसच्या मोठ्या खोलीत पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. माइक काठीला लावला आणि काठी धरायला चिंगी पुढे झाली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती उभी राहिली. भार डाव्या पायावर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. प्रोग्रामर टेबलापाशी, चित्रकार दारापाशी. आत्याने यंत्र सुरू केलं. ती सहसा माइकसमोर उभी राहत नसे.  तिने टेपवरचा भावाचा प्रश्न हेडफोनवर एकदा ऐकला, एक श्वास घेतला आणि म्हणाली,

"झालं रे. ठेव खाली. दमलास."

शेवटचा शब्द ठरलेला नव्हता. तो आपणहून आला.

मग रीतीप्रमाणे खोलीची शांतता. सगळे होते तिथे, होते तसे. चित्रकाराने श्वास धरला. आत्या माइककडे बघत उभी होती, आणि मिनिट संपलं तरी "झालं" म्हणायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. ती नुसती ऐकत होती. खोली भरलेली होती, चार माणसांनी, आणि तिला वाटलं, थोडी अधिकच. काठीचं टोक हळूहळू कापायला लागलं.

"आत्या," चिंगी म्हणाली, "झालं का गं?"

गेमचं तिच्या मनात नव्हतं, तिचे हात खरोखरच भरून आले होते. पण आवाज सगळा नाकातला, आणि तो "गं" चांगला लांबवलेला. प्रोग्रामरने चमकून तिच्याकडे पाहिलं. चिंगीने स्वतःही ते ऐकलं असावं, कारण तिचं तोंड उघडंच राहिलं.

शांतता तर बिघडली होती. नियमाप्रमाणे आत्याने यंत्र बंद करायला हवं होतं. तिने ते चालूच ठेवलं.